यात विज्ञान काय आहे?

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. काही वर्षांपूर्वी एका विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक होतो आणि त्या दिवशी माझ्या हातून एक चूक झाली. त्या चुकीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचे काही सांगता येणार नाही.

आम्ही तिघे परीक्षक होतो. उपकरणे साठ-सत्तर आणि वेळ तीन तासांचा, म्हणजे एका उपकरणाला जेमतेम तीन मिनिटे. अशी प्रदर्शने तुम्ही पाहिलीच असतील. थर्माकोलची 'सौर नगरी' होती. खाण्याच्या सोड्याने आणि व्हिनेगारने लाल फेस ओकणारे ज्वालामुखी होते, तेही एक नव्हे, तीन! दिवे लुकलुकत होते, मुले पाठ केलेली माहिती न थांबता म्हणत होती. एका कोपऱ्यात मात्र आठवीतली एक मुलगी उभी होती. तिच्या टेबलावर लाकडाच्या तीन पाचरी, एक सुतळीची दोरी आणि शंभर पानी वही, एवढेच होते. चकचकीत कागद नाही की फलक नाही.

तिचे वडील हातगाडीवर भाजी विकत. गाडी जिथे लागे तो रस्ता उताराचा. म्हणून चाकाखाली दगड लावायचा, हा रोजचा रिवाज. पण दगड कधी कोणी उचलून नेई, कधी तो रस्त्यात तसाच राहून सायकलवाल्याला आडवा येई. एकदा दगड निसटला आणि भरलेली गाडी उतारावरून जाऊन उभ्या रिक्षेवर आपटली. टोमॅटो गेले ते गेले, वर रिक्षावाल्याला भरपाई द्यावी लागली. तेव्हा मुलीने ठरवले की चाकाखाली लावायला एक पाचर करायची आणि ती दोरीने गाडीच्या दांड्याला बांधून टाकायची. म्हणजे ती हरवणार नाही आणि रस्त्यातही राहणार नाही.

पहिली पाचर रस्त्यावरून सरकली. दुसरी सरकली नाही, पण एका गिऱ्हाइकाने गाडीवर रेलून धक्का दिला तशी चाकच पाचरीवर चढून पलीकडे गेले. तिसरीच्या तळाला तिने सायकलच्या जुन्या टायरचा तुकडा चुका मारून बसवला होता. ती टिकली. हे सगळे वहीत होते. तारखा होत्या, पेन्सिलने काढलेल्या आकृत्या होत्या, त्यांवर फुल्या होत्या, शेजारी मापे होती.

माझ्या शेजारच्या परीक्षकांनी वही चाळली आणि प्रेमाने विचारले, "बाळ, उपयोग चांगला आहे गं. पण यात विज्ञान काय आहे?"

मुलगी थोडी गोंधळली. मग म्हणाली, "माहीत नाही सर. पण ही सरकत नाही."

पहिला क्रमांक सौर नगरीला गेला. ती नगरी बाजारात तयार मिळते, हे आम्हां तिघांनाही ठाऊक होते. मुलीला काहीच मिळाले नाही. मी एक शब्द बोललो असतो तर कदाचित निकाल बदलला असता. मी बोललो नाही. वेळ झाला होता, चहा आला होता, आणि खरे सांगायचे तर 'यात विज्ञान काय आहे' याचे उत्तर मलाही तेथल्या तेथे देता आले नव्हते. पदव्युत्तर पदवी भौतिकशास्त्राची, शिकवण्याचा अनुभव बऱ्याच वर्षांचा, आणि तरीही!

उत्तर सुचले ते परतताना, एस. टी.त. तिकिटाच्या मागे आकृती काढली. तुम्हीही वहीत काढा. चाक उतारावर आहे, खालच्या बाजूला पाचर आहे. चाक पाचरीला दाबते ते पाचरीच्या तिरप्या पृष्ठभागाशी काटकोनात. या दाबाचे दोन भाग करा. एक भाग पाचरीला रस्त्यावर खाली दाबतो, दुसरा तिला रस्त्याच्या दिशेने पुढे ढकलतो. पाचरीचा रस्त्याशी असलेला कोन जितका मोठा, तितका ढकलणारा भाग मोठा. या दोहोंचे गुणोत्तर म्हणजे त्या कोनाचा टॅन्जंट. पाचरीला धरून ठेवणारे घर्षण हे दाबणाऱ्या भागाच्या काही पट असते. त्या पटीला आपण घर्षणांक म्हणतो. पाचरीचे स्वतःचे किरकोळ वजन सोडून द्या, चाक आपल्या आसावर मोकळे फिरते असे धरा, की उत्तर एका ओळीत येते. कोनाचा टॅन्जंट घर्षणांकापेक्षा कमी असेल तर पाचर राहील, जास्त असेल तर सरकेल.

आता तिच्या वहीकडे वळू. पहिली पाचर ४५ अंशांची होती. ४५ अंशांचा टॅन्जंट बरोबर १. लाकूड आणि धुळीने माखलेला डांबरी रस्ता यांचा घर्षणांक काही १ पर्यंत जात नाही, तेव्हा ती सरकणारच. दुसरी १५ अंशांची. टॅन्जंट ०.२७, म्हणून ती जागची हलली नाही. पण इतक्या सौम्य चढावर चढायला चाकाला कितीसा धक्का लागणार? तिसरी सुमारे ३० अंशांची, टॅन्जंट ०.५८. नुसते लाकूड असते तर काठावरची गोष्ट. पण तळाला रबर होते आणि कोरड्या डांबरावर रबराचा घर्षणांक सहज ०.७ च्या घरात असतो. म्हणजे कोन फार वाढवला तर पाचर सरकते, फार कमी केला तर चाक चढते, आणि या दोन अडचणींच्या मधली चिंचोळी जागा रबराने रुंद करून दिली. मी फळ्यावर जे समीकरण लिहितो, त्याच्या दोन्ही बाजूंना ही मुलगी करवत आणि चुका घेऊन फिरून आली होती.

वहीतली एक नोंद तर मला अजून आठवते. पहिल्या पाचरीखाली तिने लिहिले होते : 'रिकामी गाडी – सरकली. भरलेली गाडी – सरकली.' आणि खाली मोठे प्रश्नचिन्ह. तिच्या वडिलांचे म्हणणे असे की गाडी भरली की पाचर घट्ट बसेल. तुम्हालाही तसेच वाटले असेल. पण वजन दुप्पट केले की दाबणारा भाग दुप्पट होतो आणि ढकलणाराही दुप्पट. गुणोत्तर तेच राहते. वजन समीकरणातून गळून पडते! अकरावीच्या वर्गात हे सांगितले की मुले मान डोलावतात आणि विसरतात. हिला तो प्रश्न रस्त्यावर पडला होता.

तिने जे केले त्याला इंग्रजीतला 'डिझाइन' हा शब्द आहे. आपल्याकडे डिझाइन म्हटले की लुगड्याचा काठ किंवा दारापुढची रांगोळी डोळ्यांपुढे येते, म्हणजे नक्षी. पुस्तकी मराठीत 'अभिकल्प' असा शब्द आहे, तो मला थोडा जड वाटतो. मी आपला 'आखणी' म्हणतो. कोणाची तरी अडचण ओळखायची, मापे घ्यायची, मनात उपाय योजायचा, तो कागदावर काढायचा, हाताशी असलेल्या वस्तूंतून करायचा, वापरून पाहायचा, फसला तर का फसला ते शोधायचे आणि पुन्हा कागदाकडे जायचे. या सगळ्याला मिळून आखणी म्हणायचे. ही गोष्ट हस्तकलेहून वेगळी आहे. हस्तकलेच्या तासाला चाळीस मुले बाईंनी सांगितल्याप्रमाणे एकसारख्या चाळीस फुलदाण्या करतात. त्यात हात वळतो, हे चांगलेच. पण कोणी काही ठरवत नाही.

आणि ती प्रयोगाहूनही वेगळी आहे. आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत लंबकावरून गुरुत्वत्वरण काढतात. उत्तर ९.८ च्या जवळ यायला हवे, हे साऱ्यांना आधीच ठाऊक असते. मग काही हुशार मंडळी उत्तरापासून उलटी चालत येऊन निरीक्षणे लिहितात. (मला कळत नाही असे त्यांना वाटते. मीही विद्यार्थी होतो!) पाचरीच्या बाबतीत असे उलटे चालता येत नाही, कारण मागच्या पानावर उत्तरच नसते. गाडी एक तर थांबते, नाही तर रिक्षेवर जाते.

शिवाय येथे बरोबर उत्तर एकच नसते. आमच्या घरी एक चार पायांचे स्टूल डगडगत होते. गल्लीतल्या सुतारमामांना दाखवले. ते म्हणाले, "सर, तीन पायांचं करून देऊ का? कधी डगडगणार नाही." मी मनात म्हटले, अरे, तीन बिंदूंतून एकच प्रतल जाते, हे तर मी मुलांना शिकवतो! जमीन कितीही उंचसखल असो, तीन पाय टेकणारच. मी लगेच हो म्हणालो. तेव्हा मामा हसले आणि म्हणाले, "पण पोरं कडेला बसली की कलंडेल, ते बघा."

मामांचे म्हणणे कागदावर ताडून पाहा. पाय मध्यापासून सारख्याच अंतरावर आहेत असे धरू. शेजारच्या दोन पायांना जोडणारी रेषा ही कलंडण्याची कड. चार पायांच्या स्टुलात मध्यापासून ही कड त्या अंतराच्या ०.७ पट लांब असते. तीन पायांच्या स्टुलात निम्मीच. म्हणजे न डगडगणारे हवे की न कलंडणारे हवे, हे स्टुलावर कोण बसणार यावर ठरते. आमच्या घरी लहान मुले होती. आम्ही चार पायांचेच ठेवले आणि एका पायाखाली पत्र्याची चकती ठोकली. मामा फारसे शिकलेले नाहीत आणि प्रतल हा शब्द त्यांनी ऐकला असेल-नसेल. पण एका वस्तूत दोन गुण एकमेकांशी भांडत असतात आणि त्यांत निवाडा करावा लागतो, हे त्यांना माझ्याहून चांगले ठाऊक होते. शाळेत सोळा-सतरा वर्षे काढून हा निवाडा मला एकदाही करावा लागला नव्हता.

असे का व्हावे? हाताने करणारा निराळा आणि पुस्तक वाचणारा निराळा, ही आपल्या समाजातली जुनी वाटणी आहे, आणि ती जातीजातींत घट्ट बसवलेली आहे. लोहार, सुतार, कुंभार, चांभार यांच्याजवळ पिढ्यांचे ज्ञान होते. ते पाटीवर कधी आले नाही. पाटी ज्यांच्या हाती होती त्यांनी वाकस कधी धरला नाही. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळेत शेतीचे आणि आरोग्याचे ज्ञान द्यावे असे सुचवले होते, आणि नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायची लाज न वाटणारे शिक्षक नेमावेत असेही म्हटले होते. दीडशे वर्षे होत आली. शिक्षकांच्या नेमणुकीच्या जाहिरातीत अशी अट मी अद्याप वाचलेली नाही.

त्यानंतर प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसाय हेच शिक्षणाचे माध्यम करण्याची कल्पना मांडली; डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने 'कार्यानुभव' हा शब्द दिला. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' सुचवले. नावे बदलत गेली. वेळापत्रकात मात्र तो तास बहुतेक ठिकाणी शेवटचाच राहिला, आणि परीक्षा जवळ आली की तो गणिताला देऊन टाकायचा, हे शिक्षकांना मी सांगायला नको.

तरीही काही जणांनी हे नेटाने करून दाखवले आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ नावाचे गाव आहे, पाऊस बेताचा. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आलेले शास्त्रज्ञ. मुंबईतल्या मोठ्या कंपनीतले संशोधनाचे काम सोडून त्यांनी १९८३ साली येथे 'विज्ञान आश्रम' सुरू केला. शाळेत न रमणारी मुले तेथे वेल्डिंग, बांधकाम, विजेची कामे, शेती, पशुपालन करत शिकली. पुढे त्यातूनच आठवी ते दहावीसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय घडला आणि तो राज्यातल्या कित्येक शाळांत पोहोचला. आठवड्यातला एक दिवस मुले हाताने काम करतात. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे त्याचे चार भाग. मुलगे स्वयंपाकाचे काम करतात आणि मुली वेल्डिंग करतात, ही मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. आणि गावातली खरी कामे हाती घ्यायची, ही दुसरी. गावकऱ्याचे फाटक करून द्यायचे असेल तर ते बंद झालेच पाहिजे. तेथे 'प्रयत्न चांगला आहे' असा शेरा चालत नाही.

मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील संशोधकांनी तर आखणी हाच विषय घेऊन शहरातल्या आणि आदिवासी भागातल्या शाळकरी मुलांबरोबर काम केले. पिशवी, वजन उचलणारी पवनचक्की आणि कळसूत्री बाहुल्यांचा खेळ अशा तीन गोष्टी मुलांनी गटागटाने आधी कागदावर काढल्या आणि मग केल्या. पवनचक्की तुम्हीही घरी करून पाहा. पाती वाऱ्याकडे सरळ तोंड करून लावली तर चक्की हलत नाही, ती तिरपीच हवीत. दोरा जाड रिळावर गुंडाळला तर वजन भराभर वर येते, पण वजन थोडे जास्त झाले की चक्की अडते. तोच दोरा पेनच्या रिफिलवर गुंडाळला तर मुंगीच्या चालीने का होईना, तेच वजन वर येते. तरफेचा नियम तुम्ही पाठ केला असेल. येथे तो बोटांना लागतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९० साली 'डिझाइन आणि तंत्रज्ञान' हा विषय पाच ते सोळा वर्षांच्या सर्व मुलांना सक्तीचा झाला. आपण तसेच करावे असे मी म्हणत नाही. सक्ती झाली की वह्या येतात, वह्या आल्या की तपासणी येते, आणि वस्तूपेक्षा वहीच देखणी करण्याकडे कल जातो. तिथेही हा आजार दिसला, आणि पुढे २००४ मध्ये चौदा वर्षांनंतरची सक्ती निघाली.

आपल्याकडे आता दुसरी लाट आहे. २०१६ पासून निवडक शाळांना 'अटल टिंकरिंग लॅब'साठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले. त्यात त्रिमिती छपाईचे यंत्र असते, संवेदक असतात. यंत्राशी माझे वैर नाही. पण अशा एका प्रयोगशाळेत मी गेलो, तेव्हा यंत्रातून शाळेच्या नावाच्या किल्लीच्या साखळ्या निघत होत्या, आराखडा आयता उतरवून घेतलेला होता, आणि काचेच्या कपाटाला कुलूप होते. कारण विचारले तर म्हणाले, मोडले तर जबाबदार कोण? ज्या खोलीत काही मोडण्याची परवानगी नाही, तेथे आखणी कशी शिकणार? त्याउलट करवत, हातोडी, मोजपट्टी, सायकलच्या दुकानातली जुनी ट्यूब यांवर वर्षभराचे काम होते.

शिक्षक मित्रांनो, तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. वर्गात साठ मुले असतात, पस्तीस मिनिटांचा तास असतो, आणि बोट कापले तर पालक दारात येतात. त्यांतल्या शेवटच्या अडचणीवर उत्तर आहे : पहिले दोन महिने फक्त हत्यार धरायला शिकवावे आणि ते शिकवायला गावातल्या सुताराला वर्गात बोलवावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांबरोबर घालवावेत असे म्हटलेच आहे. त्या दहा दिवसांत निदान चार दिवस एकाच वस्तूला द्या, सहल करून संपवू नका. कारागिराला मानधन द्या, आणि मुलांना त्याला 'सर' म्हणू द्या.

साठ मुलांच्या अडचणीवर माझ्याजवळ पुरे उत्तर नाही. पाच-पाचांचे गट करता येतात, पण त्यात दोघे काम करतात आणि तिघे बघतात, हे मी पाहिले आहे.

गुणांचे म्हणाल तर माझी सूचना थोडी विचित्र वाटेल. वस्तूला गुण देऊ नका, फुलीला द्या. मुलाने कोणता आराखडा खोडला, का खोडला, आणि त्यानंतर कोणते माप बदलले, हे त्याला सांगता आले की गुण. बाजारातून आणलेल्या सौर नगरीवर अशी फुली दाखवता येत नाही, हा त्यातला जास्तीचा फायदा.

त्या प्रदर्शनानंतर दोनएक वर्षांनी मी मुद्दाम त्या उताराच्या रस्त्याने गेलो. गाडी होती. चाकाखाली पाचर होती, पण ती तिसरी नव्हती. तळाला टायरऐवजी चपलेचे तळवे लावलेले होते आणि दोरीच्या जागी सायकलची साखळी आली होती. मी मेथीची जुडी घेतली आणि विचारले, "काका, टायर का काढलं?"

"पावसात सरकायला लागली होती हो," ते म्हणाले. "पोरगी म्हणाली, टायर झिजून गुळगुळीत झालंय. मग तिनं चार-पाच जातीच्या चपला आणून, पाट तिरका करून, त्यावर पाणी ओतून बघितलं कुठली आधी घसरते ते."

हा पाट तुमच्याही घरी आहे. त्यावर चप्पल ठेवा, तिच्यावर एक वीट ठेवा, पाट हळूहळू तिरका करा आणि चप्पल घसरू लागेल तो कोन कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजा. आधी कोरडा पाट, मग ओला. त्या कोनाचा टॅन्जंट म्हणजे घर्षणांक. मग विटेऐवजी दोन विटा ठेवून पाहा आणि कोन बदलतो का ते आम्हाला कळवा.